मिठाचा ताण दिला, एकदा एन्झाइम वाढलं, पुढच्या खेपेला नाही

तक्रार दर वर्षी तीच, विद्यार्थी तेवढे बदलतात. रायबंदर, नेरूल नाहीतर पेडण्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरातून चिखल आणायचा, स्किम मिल्कच्या किंवा स्टार्चच्या प्लेटवर मोठा घेर देणारा (म्हणजे भोवतालचं दूध नाहीतर स्टार्च पचवणारी एन्झाइम बाहेर सोडणारा) बॅसिलस जिवाणू निवडायचा, आणि ‘पर्यावरणीय ताणातून एन्झाइम उत्पादनवाढ’ असा विषय घ्यायचा. जानेवारीत ५ टक्के मीठ घातल्यावर प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) दीडपट येतं. मार्चमध्ये तेच केलं की कंट्रोलइतकंच, म्हणजे जादा मीठ न घातलेल्या फ्लास्कइतकंच. एप्रिलमध्ये कंट्रोलहून कमी. आणि प्रबंध मेमध्ये द्यायचा असतो.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी ते कळेल. ताण दिला म्हणून जिवाणू एन्झाइम जास्त करत नाही. ते एन्झाइम त्या ताणावरचं त्याचं उत्तर असेल तरच करतो. नसेल, आणि तरीही आकडा वाढला असेल, तर वाढलंय ते दुसरंच काहीतरी. ते ‘दुसरंच काहीतरी’ दर खेपेला सारखं येत नाही, म्हणून निकालही येत नाही.

बॅसिलस सबटिलिसचंच बघा. मीठ, उष्णता, इथेनॉल यांतलं काहीही अंगावर आलं की सिग्मा-बी नावाचा घटक जागा होतो आणि दीडशेहून अधिक जनुकं चालू करतो. ही जनुकं बहुतेक पेशी सावरण्याच्या कामाची. बाहेर सोडली जाणारी प्रोटिएज आणि अमायलेज (स्टार्च तोडणारी एन्झाइम) त्या यादीत नाहीत. त्यांचा कारभार उपासमारीच्या आणि वाढ मंदावण्याच्या संकेतांवर चालतो: ग्लुकोज संपलं का, अमिनो आम्लं संपली का, पेशींची गर्दी झाली का. मिठाचा संकेत डेग-एस आणि डेग-यू या संकेत पोचवणाऱ्या प्रथिनांच्या जोडीमार्फत या एन्झाइमपर्यंत पोचतो खरा, पण सगळ्यांना एकाच दिशेने नेत नाही. भरपूर मीठ असताना लेव्हानसुक्रेज हे बाहेर सोडलं जाणारं आणखी एक एन्झाइम वाढतं आणि अल्कलाइन प्रोटिएज घटतं. एकच जिवाणू, एकच मीठ, दोन उलटे निकाल. त्यामुळे कुणाच्या तरी शोधनिबंधात मिठाने एन्झाइम वाढलं म्हणून तुमचंही वाढेल, हे गृहीत धरायला काही आधार नाही.

आता शोध कुठून घ्यायचा ते. मी नेहमी जिवाणूपासून नाही, फ्लास्कपासून सुरुवात करते.

फ्लास्ककडे बघा

७२ तासांनी शेकरमधून (फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या यंत्रातून) काढलेला फ्लास्क उजेडात धरा. ब्रॉथच्या (द्रव माध्यमाच्या) पातळीच्या वर काचेवर एक पांढरट कड दिसते, बोट लावलं तर खरखरीत. ते मीठ आहे, आणि ती कड म्हणजे पाणी उडून गेल्याची खूण. ५० मिलीतलं ८ मिली उडून गेलं तर उरलेल्या ४२ मिलीत एन्झाइमचा आकडा आपोआप १९ टक्क्यांनी वाढतो, आणि ५ टक्के म्हणून घातलेलं मीठ ६ टक्क्यांच्या जवळ जातं. कंट्रोलमधूनही पाणी उडतंच, मग फरक कसा पडतो? मिठातलं कल्चर सावकाश वाढतं म्हणून ते आणखी एक दिवस ठेवलं जातं. किंवा ते फ्लास्क शेकरच्या पंख्यासमोरच्या कोपऱ्यात असतात. जानेवारीत एसी खोलीतली हवा कोरडी असते. जूनमध्ये गोव्यात हवा इतकी दमट होते की उलट त्रास सुरू होतो. कापसाचा बोळा ओलसर होतो, त्यातून हवा नीट जात नाही, आणि चार दिवसांत त्यावर बुरशीही धरते.

उपाय अगदी साधा. टोचणी केल्यावर, म्हणजे माध्यमात जिवाणू घातल्यावर, बोळ्यासकट फ्लास्कचं वजन करा, काढताना पुन्हा करा. जेवढे ग्रॅम कमी तेवढं निर्जंतुक पाणी घालून मगच नमुना घ्या. बोळ्यावर फॉइल घट्ट आवळून हा प्रश्न सोडवू नका, त्याने प्राणवायू तुटतो.

अ‍ॅसेतली फसवणूक

वाढ खोटी ठरण्याचं सर्वांत मोठं कारण इथे, म्हणजे एन्झाइम मोजण्याच्या चाचणीत, असतं, आणि इथेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं.

अमायलेजचं डीएनएस या रसायनाने मापन करत असाल तर पहिला प्रश्न ब्लँकचा, म्हणजे जिचा आकडा वजा करायचा त्या नळीचा. डीएनएस एन्झाइम मोजत नाही, क्षपणकारी साखर (स्टार्च तुटल्यावर सुटते ती) मोजतो. मिठातल्या फ्लास्कमध्ये वाढ कमी झाली असेल तर तिथे न खाल्लेली साखर जास्त उरलेली असते. सगळ्या फ्लास्कसाठी एकच ब्लँक वापरला, की ती उरलेली साखर एन्झाइमच्या खात्यात जमा होते. म्हणजे जितकी वाढ वाईट तितकं ‘एन्झाइम’ जास्त! प्रत्येक फ्लास्कला स्वतःचा ब्लँक हवा. आणि तो सुपरनॅटंट (पेशी काढून टाकल्यावर उरलेला वरचा द्रव) उकळून करू नका. बॅसिलस लायकेनिफॉर्मिसचं अमायलेज ९० अंशांवर आरामात काम करतं, स्टार्च उद्योगात ते वापरतात तेच या गुणासाठी. तुमचा बॅसिलस त्याचा भाऊबंद निघाला तर उकळलेला ब्लँकही जिवंत असतो. त्याऐवजी नळीत आधी डीएनएस घाला, मग सुपरनॅटंट, शेवटी स्टार्च. एन्झाइमला काम करायला वेळच मिळत नाही, आणि उरलेली साखर मात्र बरोबर मोजली जाते.

दुसरा प्रश्न सुपरनॅटंटबरोबर अ‍ॅसेत येणाऱ्या मिठाचा. ८ टक्के मिठाच्या ब्रॉथमधलं ०.२ मिली सुपरनॅटंट १ मिलीच्या मिश्रणात घातलं की त्यात १.६ टक्के मीठ आलंच. मिठागरातल्या काही जिवाणूंची एन्झाइम मिठाशिवाय नीट घडीत राहत नाहीत, मीठ मिळालं की जास्त जोमाने चालतात. अशा वेळी कंट्रोल आणि ताणातल्या फ्लास्कमध्ये एन्झाइमची मात्रा सारखीच असते, पण ताणातल्या नळीत ते जास्त चालतं. याची परीक्षा एका दुपारी होते. चार नळ्या लावा: कंट्रोलचं सुपरनॅटंट जसंच्या तसं, तेच ताणातल्याइतकं मीठ घालून, ताणातलं डायलिसिस करून (म्हणजे पडद्यातून मीठ काढून टाकून), आणि ताणातलं डायलिसिस करून पुन्हा मीठ घालून. कंट्रोलमध्ये नुसतं मीठ घातल्यावर आकडा वर गेला तर तुमचा प्रकल्प उत्पादनाचा नाही, एन्झाइमच्या गुणधर्माचा आहे. तोही चांगला विषय आहे, पण वेगळा.

कॅल्शियमचं प्रकरण याच जातीचं. ‘धातूचा ताण’ म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालतात आणि प्रोटिएज वाढतं. सबटिलिसिन (बॅसिलसचं अल्कलाइन प्रोटिएज) काय किंवा बॅसिलसची अमायलेज काय, यांच्या रेणूत कॅल्शियम बसलेलं असतं आणि तेच त्यांना सावरून धरतं. कॅल्शियम घातल्याने जिवाणूने जास्त एन्झाइम केलं असं नाही, केलेलं जास्त टिकलं. त्याला ताण म्हणणं मला पटत नाही.

इथेच आणखी एक खोच. ताण म्हणून प्रयोगशाळेतलं सोडियम क्लोराइड संपलं की मिठागरातलं जाडं मीठ वापरण्याचा मोह गोव्यात कुणालाही होतो. कच्च्या मिठात मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट असतं. फॉस्फेट असलेल्या माध्यमात ते घालून ऑटोक्लेव्ह केलं (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केलं) की पांढुरका गाळ बसतो. तो हलवल्यावर वर येतो आणि ओडीत (ब्रॉथचा गढूळपणा, ज्यावरून पेशी किती ते ठरवतात) ‘वाढ’ म्हणून मोजला जातो. जाडं मीठच वापरायचं असेल तर वेगळं ऑटोक्लेव्ह करून थंड झाल्यावर मिसळा, आणि न टोचलेल्या ब्रॉथचा ओडी घ्या.

प्रतिपेशी की प्रतिमिली

“मॅडम, ५ टक्क्याला एन्झाइम वाढतंय.”

“ओडी किती?”

“ओडी निम्मा आहे. पण त्याने भागलं की वाढतंय.”

हा संवाद ठरलेला. ओडी निम्मा झाला आणि एन्झाइम ३० टक्क्यांनी घटलं, तर भागाकार केल्यावर ४० टक्के वाढ दिसते. गणित चुकलेलं नाही, पण फ्लास्कमध्ये एन्झाइम कमी आहे हे सत्य उरतंच. जिवाणूचं वागणं समजून घ्यायचं असेल तर प्रतिपेशी आकडा बघा. उत्पादन वाढलं असं लिहायचं असेल तर प्रतिमिली आकडा वाढलेला पाहिजे, आणि तोही बाष्पीभवनाचा हिशेब करून. शीर्षकात ‘उत्पादनवाढ’ आणि तक्त्यात फक्त प्रतिपेशी आकडे, हे परीक्षकाने पकडलं नाही तर विद्यार्थ्याचं नशीब.

शिवाय मिठात ओडीवर फार विसंबू नये. पेशी आकसतात, त्यांचं प्रकाश विखुरणं बदलतं, म्हणजे तेवढ्याच पेशींचा ओडी वेगळा येतो. मोजण्याआधी पातळ करताना साधं पाणी घातलं तर पेशी फुगतात, काही फुटतात. पातळ करायला तेवढ्याच मिठाचं पाणी घ्या. कोरड्या वजनातही मीठ चिकटून येतं आणि ते धुऊन काढायला साधं पाणी वापरलं की पेशी जातात. मी पेशींमधलं प्रथिन मोजायला सांगते. पेशी तेवढ्याच मिठाच्या पाण्याने धुवायच्या, मग अल्कलीत गरम करून फोडायच्या आणि लोरी पद्धतीने मोजायचं. कटकट आहे, पण वाद मिटतो.

आणि पेशी फुटल्या असतील तर? ताणाने मेलेल्या पेशी पोटातलं सगळं ब्रॉथमध्ये सोडतात, आणि पेशीच्या आतली प्रोटिएजही कॅसिन (प्रोटिएज मोजताना वापरतात ते दुधातलं प्रथिन) तोडतातच. त्यासाठी सुपरनॅटंटमध्ये असं एक एन्झाइम तपासा जे कधीच बाहेर सोडलं जात नाही. मॅलेट डिहायड्रोजिनेज सोयीचं आहे, ३४० नॅनोमीटरवर मोजता येतं. ते कंट्रोलपेक्षा ताणातल्या फ्लास्कमध्ये बरंच जास्त असेल तर तुम्ही उत्पादन नाही, मोडतोड मोजताय.

ताण कुणाला?

इथवर सगळं स्वच्छ निघालं तर आता जिवाणूकडे वळा. आणि इथे गोव्यातल्या मिठागरांची एक गंमत आहे, जी बाहेरच्या प्रोटोकॉलमध्ये सापडत नाही.

आपल्याकडे मीठ काढायचा हंगाम साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत. खाडीचं पाणी मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात आटवत न्यायचं. समुद्राचं पाणी साडेतीन टक्क्यांच्या आसपास खारट. मीठ जमायला लागतं तेव्हा तेच २५ टक्क्यांच्या पुढे गेलेलं असतं. मग जूनमध्ये पाऊस कोसळतो आणि त्याच वाफ्यात जवळजवळ गोडं पाणी उभं राहतं. तिथे तग धरून राहिलेला जिवाणू एक तर बीजाणू करून बसतो किंवा खारं-गोडं दोन्ही सोसणारा असतो. त्याच्या दृष्टीने ५ टक्के मीठ हा ताण आहे की रोजचं जेवण, हे आधी ठरवायला नको का?

त्यासाठी ताणाचा प्रयोग लावण्याआधी नुसती वाढ बघा: ०, २, ५, ८, १०, १५ टक्के मीठ, तेच माध्यम, तेच तापमान, दर दोन तासांनी ओडी. वाढीचा वेग सर्वांत जास्त जिथे, ती त्याची सोयीची पातळी. अर्धा ते अडीच मोलर, म्हणजे साधारण ३ ते १५ टक्क्यांमध्ये, उत्तम वाढणाऱ्यांना मध्यम लवणप्रेमी म्हणतात, आणि मिठागरात हे भरपूर असतात. तुमच्या जिवाणूची सोयीची पातळी ५ टक्के निघाली तर न्यूट्रिएंट ब्रॉथमधला अर्ध्या टक्क्याचा कंट्रोल हाच ताणाखाली आहे. तुम्ही ज्याला ‘ताणाने दीडपट’ म्हणत होता ते ‘आरामाने दीडपट’ होतं. प्रबंधाचं शीर्षकच उलटं करावं लागतं.

एकदा जमलं, पुन्हा नाही, याचं उत्तरही बऱ्याचदा इथेच मिळतं. जानेवारीत चिखलातून ताज्या काढलेल्या जिवाणूला मीठ ओळखीचं होतं. तीन महिने तो न्यूट्रिएंट अगारच्या स्लँटवर (नळीतल्या घट्ट माध्यमावर), अर्ध्या टक्के मिठात, आठवड्याला एकदा सबकल्चर होत, म्हणजे नव्या माध्यमावर हलवला जात राहिला. भरपूर खाणं, शून्य संकट. अशा ठिकाणी एन्झाइम बाहेर सोडण्याचा खर्च न करणाऱ्या पेशी पुढे निघतात, आणि प्रत्येक सबकल्चरमध्ये तुम्ही त्यांचीच निवड करत असता. वेगळा केला त्याच आठवड्यात २० टक्के ग्लिसरॉलमध्ये भरपूर नळ्या भरून उणे ८० अंशांवर ठेवा, नसेल तर बीजाणूंचा साठा करा. प्रत्येक प्रयोगाला नवी नळी. उरलेलं परत ठेवायचं नाही.

इनॉक्युलम (फ्लास्कमध्ये टोचायचं कल्चर) कशात वाढवलं हेही लिहून ठेवा. ५ टक्के मिठात रात्रभर वाढवलेलं इनॉक्युलम ५ टक्क्यांच्या फ्लास्कमध्ये गेलं तर त्याला काहीच जाणवत नाही, त्याची तयारी आधीच झालेली आहे. अर्ध्या टक्क्यातून थेट ५ मध्ये गेलं तर झटका बसतो. हे दोन वेगळे प्रयोग आहेत, आणि जानेवारीत एक, मार्चमध्ये दुसरा झाला असण्याची शक्यता बरीच.

यीस्ट एक्स्ट्रॅक्टचं काय

खारट पाण्यात जिवाणू आधी पोटॅशियम ओढून घेतो, मग प्रोलिनसारखे रेणू साठवून आतला परासरण दाब सांभाळतो. पण त्याला आयतं ग्लायसीन बिटेन मिळालं तर तो स्वतः काही करण्याच्या भानगडीत पडत नाही, तेच ओढून घेतो. यीस्ट एक्स्ट्रॅक्टमध्ये ग्लायसीन बिटेन असतं. म्हणजे माध्यमात यीस्ट एक्स्ट्रॅक्ट घालून मिठाचा ताण द्यायचा, हे एका हाताने मारून दुसऱ्या हाताने मलम लावण्यासारखं. किती मलम, ते डब्याच्या बॅचवर अवलंबून. जुना डबा संपून नवा उघडला आणि निकाल बदलला, तर आश्चर्य मानू नका. पडताळायचं असेल तर साध्या क्षारांच्या माध्यमात, कार्बनला ग्लुकोज आणि नत्राला अमोनियम सल्फेट देऊन, मिठाचा प्रयोग एकदा १ मिलिमोलर ग्लायसीन बिटेन घालून आणि एकदा न घालता करा. बिटेनने वाढ सुधारली आणि एन्झाइमचा फरक नाहीसा झाला, तर निदान दाबाचा परिणाम खरा होता एवढं कळतं.

ताण कधी द्यायचा

सुरुवातीपासून मीठ घातलं की जिवाणूचा सुस्तीचा काळ लांबतो. मग २४ तासांनी दोन्ही फ्लास्कचे नमुने घेतले, तर कंट्रोल वाढ थांबवून एन्झाइम सोडायला लागलेला असतो आणि मिठातला अजून जोरात वाढत असतो. ४८ तासांनी उलट चित्र. तुलना घड्याळाच्या काट्यावर नको, वाढीच्या टप्प्यावर करा. पूर्ण वक्र काढा आणि शिखरं बघा.

उष्णतेच्या झटक्याची गोष्ट आणखी निसरडी. ३७ वरून ४५ अंशांवर नेलं की जिवाणूचा प्रतिसाद काही मिनिटांत चढतो आणि तासाभरात ओसरायला लागतो. तुम्ही नमुना दुसऱ्या दिवशी घेता. तेव्हा जे दिसतं तो झटका नाही, नुसतं जास्त तापमानात वाढणं आहे.

थंडीचा ताण द्यायचा विचार असेल तर आधी शेकरवर थंड करणारं यंत्र आहे का बघा. साधा इनक्युबेटर खोलीपेक्षा खाली जाऊच शकत नाही, आणि मेमध्ये पणजीत दुपारी ३३ अंश काही नवल नाही. पाटीवर २५ लावलेले असतील, आतल्या थर्मामीटरवर ३४. हा तपास दोन मिनिटांचा आहे, आणि कुणीच करत नाही.

प्राणवायू, आणि वीज

मिठाने पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. ३० अंशांना गोड्या पाण्यात लिटरला साधारण ७.५ मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात ६.२ च्या आसपास, आणि ८ टक्क्यांत त्याहून खाली. म्हणजे मिठाचा प्रयोग हा न सांगता प्राणवायूचाही प्रयोग असतो. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये १०० मिली भरणाऱ्यांना हा फरक जास्त भोवतो. २५ मिलीच भरून एकदा करून बघा. त्यात फरक मिटला तर तुमचा ताण मिठाचा नव्हता. फर्मेंटर वापरत असाल तर लक्षात ठेवा, डीओ प्रोब (विरघळलेला प्राणवायू मोजणारं उपकरण) संपृक्ततेची टक्केवारी दाखवतो, मिलिग्रॅम नाही. खाऱ्या ब्रॉथमधले ३० टक्के आणि साध्या ब्रॉथमधले ३० टक्के हे सारखे प्राणवायू नव्हेत.

आता पावसाळा. पहिल्या सरीबरोबर वीज जाते-येते. रात्री शेकर अर्धा तास थांबला आणि पुन्हा सुरू झाला तर सकाळी सगळं नेहमीसारखंच दिसतं. पण भरात वाढणारं बॅसिलसचं कल्चर विरघळलेला प्राणवायू काही मिनिटांत संपवतं. जनरेटर असला तरी काही शेकर वीज आल्यावर आपोआप सुरू होत नाहीत, कुणीतरी बटण दाबेपर्यंत तसेच उभे. खोलीत एक जुनं इलेक्ट्रिक घड्याळ, बॅटरी नसलेलं, शेकरच्याच प्लगवर लावून ठेवा. सकाळी ते मागे असेल तर रात्रीच्या फ्लास्कचे आकडे वहीत वेगळ्या रंगाने लिहा. प्रयोगशाळेतल्या वेगवेगळ्या तारखांचे निकाल जुळत नाहीत, याचं सर्वांत स्वस्त निदान हेच.

मग चालतो कुठला ताण?

चालतात ना. पण ज्यात एन्झाइमच ताणावरचं उत्तर आहे, तेच. एश्चेरिचिया कोलायचा फॉस्फेटचा पुरवठा तोडला की तो अल्कलाइन फॉस्फेटेज भरभरून करतो, कारण ते एन्झाइम सेंद्रिय रेणूंवरचं फॉस्फेट काढून आणण्यासाठीच आहे. फॉस्फेट परत घातलं की बंद. दर खेपेला येतं, एवढी या ताणाची खात्री. बॅसिलसमध्येही फॉस्फेटेजचं असंच आहे. करून बघणार असाल तर फॉस्फेट बफर काढून त्या जागी ट्रिस किंवा मॉप्स हे फॉस्फेट नसलेले बफर घ्या, आणि पेप्टोन-यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधून चोरपावलांनी फॉस्फेट येतं हे विसरू नका.

प्रोटिएजसाठी सहज मिळणारी अमिनो आम्लं तुटपुंजी ठेवून कॅसिनसारखं अख्खं प्रथिन द्या. अमायलेजसाठी ग्लुकोज साठू देऊ नका, कारण ग्लुकोज दिसलं की बॅसिलस सबटिलिस अमायलेजचं जनुक दाबून ठेवतो. कारखान्यात बॅसिलसची एन्झाइम करताना साखर हळूहळू थेंबाथेंबाने देतात, ते यासाठीच. उद्योगात टिकलेला ताण हा अर्धपोटी ठेवण्याचा आहे. मीठ, इथेनॉल, तांबं यांच्या गोष्टी ऐकायला भारी वाटतात. तांबं तर पेप्टोनला चिकटून बसतं, किती मोकळं उरलं ते कळत नाही आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतताही येत नाही.

जनुक घालून केलेल्या एन्झाइमचं गणित वेगळं. कोलायमध्ये आयपीटीजी (घातलेलं जनुक चालू करणारं रसायन) दिल्यावर तापमान ३७ वरून १८ ते २० अंशांवर आणलं की एन्झाइम सावकाश होतं, पण गुठळ्या न होता विरघळलेलं मिळतं. तिथे ताणाने उत्पादन वाढत नाही, उपयोगी हिस्सा वाढतो. दोन्ही मोजा: एकूण प्रथिन जेलवर, क्रियाशीलता अ‍ॅसेत.

मिठाचाच हट्ट असेल तर दोन जादा कंट्रोल लावा. सोडियम क्लोराइडच्या जागी तेवढ्याच मोलर पोटॅशियम क्लोराइड, आणि तेवढाच दाब देणारं सॉर्बिटॉल. ०.५ मोलर मिठाला साधारण १ मोलर सॉर्बिटॉल लागतं, कारण मीठ दोन आयनांत फुटतं. तुमचा जिवाणू सॉर्बिटॉल खातो का ते आधी बघून घ्या. तिघांनीही एन्झाइम वाढवलं तर परिणाम दाबाचा, फक्त सोडियमने वाढवलं तर सोडियमचा. आणि तीन नळ्यांत एकाच फ्लास्कचा नमुना भरून त्याला ‘त्रिवार’ म्हणू नका. तीन फ्लास्क, तीन वेगळी इनॉक्युलम, शक्यतो वेगळ्या दिवशी.

अमायलेज पहिल्या दिवशी वर आणि तिसऱ्या दिवशी खाली येत असेल तर प्रोटिएज त्याला खातंय का बघा. बॅसिलस सबटिलिसच्या बाहेरच्या प्रोटिएजपैकी दोनच, सबटिलिसिन आणि न्यूट्रल प्रोटिएज, ९५ टक्क्यांहून जास्त काम करतात. पहिलं पीएमएसएफ या रसायनाने थांबतं, दुसरं ईडीटीए या रसायनाने. पण ईडीटीए कॅल्शियमही ओढून घेतो, मग अमायलेजच लंगडं होतं. म्हणून आधी नुसतं पीएमएसएफ वापरा, हातमोजे घालून, आणि ऐनवेळी बनवून. पाण्यात ते फार टिकत नाही.

जानेवारीतले नमुने फ्रीजमध्ये आहेत, तेच एप्रिलच्या नमुन्यांबरोबर पुन्हा मोजू, असं बरेच जण म्हणतात. ४ अंशांवर ठेवलेलं प्रोटिएज स्वतःलाच तोडत राहतं. त्यात मीठ काही प्रोटिएजना स्थिर ठेवतं, म्हणजे महिनाभराने खाऱ्या नळीत जास्त आणि कंट्रोलमध्ये कमी उरतं, आणि नसलेली वाढ फ्रीजमध्येच तयार होते. मोजायचं त्याच दिवशी मोजा. जमत नसेल तर कंट्रोलच्या सुपरनॅटंटमध्येही तेवढंच मीठ घालून, छोट्या नळ्यांत वाटून, उणे २० वर ठेवा, आणि एक नळी एकदाच वितळवा.